उन्हाळ्यात बोटीच्या इंजिनाचा दम कुठे जातो?

इंजिनाच्या अंगावर एक छोटी पट्टी रिबिटांनी ठोकलेली असते. तिच्यावर कंपनीचे नाव, नंबर आणि खाली ‘१५० अश्वशक्ती, १८०० आरपीएम’ असा काहीतरी आकडा. बोट घेताना नाखवा हाच आकडा विचारतो, कर्जाच्या कागदावर हाच आकडा चढतो आणि बंदरात एकमेकांच्या बोटींची तुलनाही याच आकड्यावर होते. आकडा खोटा नसतो. पण तो ज्या हवेत मोजलेला असतो, ती हवा कोकणच्या किनाऱ्यावर मे महिन्यात मिळत नाही.

डिझेल इंजिनाची शक्ती जाहीर करताना आयएसओ ३०४६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार घेतला जातो. त्यातली हवा २५ अंश सेल्सिअसची, दाब १०० किलोपास्कल आणि आर्द्रता फक्त ३० टक्के. टर्बोने दाबलेली हवा थंड करणारे पाणीही २५ अंशांचेच धरलेले असते. जगभर फिरणाऱ्या मोठ्या जहाजांना हा हिशेब पुरत नाही, हे वर्गीकरण संस्थांनी फार पूर्वीच ओळखले. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात जहाजाच्या मुख्य इंजिनासाठी इंजिनघरातील हवा ४५ अंश, समुद्राचे पाणी ३२ अंश आणि आर्द्रता ६० टक्के धरून शक्ती ठरवतात. आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार बोटींत मात्र पुष्कळदा ट्रकचेच इंजिन समुद्रासाठी बदल करून बसवलेले असते. ट्रकच्या रेडिएटरवर चालत्या गाडीचा वारा येतो. बोटीचे इंजिन फळ्यांखाली, बंद खणात, स्वतःच्याच उष्म्यात दिवसभर उभे असते.

एप्रिल लागला की हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, कुठल्याही बंदरात एकच तक्रार ऐकू येते: इंजिन ओढत नाही. सकाळी बंदरातून निघताना ठीक असते, दुपारी जाळे पाण्यात असताना रेस घेत नाही. मग नोझल काढले जातात, पंप कॅलिब्रेशनला जातो, कुणी टर्बो बदलायला सांगतो. खर्च हजारांत सुरू होतो आणि लाखात जातो. माझे म्हणणे असे की, यातल्या बऱ्याच वेळा बिघाड इंजिनाच्या पोटात नसतोच. इंजिनाला मिळणारी हवा, मिळणारे डिझेल आणि मिळणारे पाणी या तिघांपैकी कुणीतरी कमी पडलेले असते. उन्हाळा स्वतः फार थोडी शक्ती घेतो. वर्षभर लपून राहिलेली खोट मात्र तो उघडी पाडतो.

थोडी म्हणजे किती, ते आधी पाहू. हवा तापली की पातळ होते. २५ अंशांना एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१८ किलो असते, ४५ अंशांना ते १.११ किलोवर येते. म्हणजे सिलिंडर तेवढाच भरतो, पण आत हवा सहा टक्के कमी येते. त्यात आपल्या किनाऱ्याची दमट हवा. ३४ अंशांना ७० टक्के आर्द्रता असेल तर हवेतली जवळजवळ चार टक्के जागा पाण्याच्या वाफेने व्यापलेली असते. मानकाच्या कोरड्या हवेत हा वाटा एकच टक्का असतो. वाफ काही जळायला मदत करत नाही. दोन्हींचा हिशेब एकत्र केला तर सिलिंडरमध्ये पोहोचणारा प्राणवायू मानकापेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी कमी भरतो.

प्राणवायू नऊ टक्के कमी म्हणजे शक्तीही नऊ टक्के कमी, असे मात्र नाही, आणि डिझेल इंजिनाचा मोठेपणा इथेच आहे. पेट्रोल इंजिन हवा मोजून घेते. डिझेल इंजिन मिळेल तेवढी सगळी हवा घेते आणि शक्तीचे नियंत्रण डिझेलच्या मापावर ठेवते. अर्ध्या रेसवर आत गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा असते, म्हणून तिथे उन्हाळा जाणवत नाही. हवेची तूट भासते ती पूर्ण भारावर. म्हणूनच तीच बोट खाडीतून मजेत बाहेर येते आणि ट्रॉल जाळे ओढायला लागली की धापा टाकते. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बो अधिक वेगाने फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो. एकंदर पाहता नुसत्या हवामानाने पाच ते दहा टक्के दम जावा, यात नवल नाही. चौथाई दम गेला असेल तर त्याला हवामानाचे नाव देऊन गप्प बसू नये.

आता प्रश्न येतो की किती दम गेला, हे समुद्रावर मोजायचे कसे? बंदरात शक्ती मोजण्याचे यंत्र नसते. पण बोटीखालचा पंखा स्वतःच एक फार चांगले मोजमाप आहे. पंखा फिरवायला लागणारी शक्ती ही फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या दुप्पट करायच्या तर शक्ती आठपट लागते. या नियमाची उलटी बाजू पाहण्यासारखी आहे. जे इंजिन पूर्ण रेसवर १८०० फेऱ्या देत होते, त्याची शक्ती दहा टक्क्यांनी घटली तर फेऱ्या १७४० च्या आसपास येतात. वीस टक्के घटली तर १६७०. टॅकोमीटरचा काटा साठ फेऱ्यांनी खाली आला, तर बहुतेक जण तिकडे लक्षही देत नाहीत. प्रत्यक्षात ती १५ अश्वशक्ती गेलेली असते. मात्र तुलना सारख्या परिस्थितीत हवी: टाकी आणि बर्फ तेवढेच, जाळे बोटीवर, वारा आणि भरती-ओहोटीची ओढ सारखी.

टॅकोमीटरच्या जोडीला धूर पाहावा. जुने तांडेल धुरावरून इंजिनाची नाडी ओळखतात आणि त्यांचे हे ज्ञान शास्त्राला धरून आहे. फेऱ्या उतरल्या आणि धूर काळा झाला, तर डिझेल पुरेसे येते आहे पण त्याला जळायला हवा नाही, किंवा इंजिनावर भार फाजील आहे. फेऱ्या उतरल्या आणि धूर मात्र नेहमीसारखा, उलट अधिकच स्वच्छ, तर डिझेलच कमी पोहोचते आहे. एवढ्या एका पाहणीने निम्मे इंजिन संशयातून सुटते. काळा धूर असताना डिझेल फिल्टर बदलणे आणि स्वच्छ धूर असताना टर्बो उघडणे, हे दोन्ही खर्च मी वाया गेलेलेच समजतो. पाण्यात सोडलेल्या धुराड्यातून वाफेसारखा पांढरा धूर येऊ लागला तर त्याची दखल उन्हाळ्यात जास्त घ्यावी. थंडीत साधी वाफही पांढरी दिसते. मेच्या गरम हवेत ती दिसू लागते तेव्हा धुराड्याला जाणारे पाणी खरोखर कमी झालेले असते.

काळ्या धुराचा माग काढताना पहिली तपासणी फुकटची आहे. इंजिनघरात एअर फिल्टरच्या तोंडाशी एक साधा थर्मामीटर बांधावा आणि दुसरा वर सावलीत. पूर्ण रेसवर अर्धा तास चालल्यावर दोन्ही वाचावेत. फरक साधारण १५ अंशांच्या आत असला पाहिजे. तो २० किंवा २५ निघाला तर इंजिन स्वतःचाच उष्मा पुन्हा पीत आहे. मग शांत पाण्यात, कुणाचा हात किंवा कपडा इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यांजवळ जाणार नाही अशी काळजी घेऊन, इंजिनघराचे झाकण उघडावे आणि टॅकोमीटर पाहावा. काही मिनिटांत चाळीस-पन्नास फेऱ्या वाढल्या तर रोग सापडला.

इंजिनाला हवा किती लागते याचा अंदाज फार थोड्यांना असतो. १५० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला २८-२९ लिटर डिझेल जाळते आणि ते जाळायला सुमारे ५०० घनमीटर हवा ओढून घेते. ही झाली फक्त जळणाची हवा. इंजिनाच्या अंगातून, धुराड्याच्या नळीतून जो उष्मा खणात सांडतो तो बाहेर न्यायला याच्या दोन-तीन पट हवा खेळती राहायला हवी. बोट नवी असताना सुताराने हवेसाठी ठेवलेल्या वाटा पुढे जाळी, दोर, बर्फाची खोकी आणि पावसाळी ताडपत्री यांनी बुजतात. कुणी मुद्दाम बुजवत नाही. वर्षे जातात तशा त्या बुजत जातात आणि हिवाळ्यात काही बिघडत नाही म्हणून लक्षात येत नाहीत.

स्वच्छ धुराची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात चमत्कारिक भाग तिथे आहे. यांत्रिक पंप डिझेल वजनाने मोजत नाही, आकारमानाने मोजतो. डिझेल दर अंशाला सुमारे ०.०८ टक्के फुगते. ३० अंशांचे डिझेल ६५ अंशांवर गेले की पंपाच्या प्रत्येक फटक्यात सुमारे तीन टक्के डिझेल वजनाने कमी जाते. शिवाय गरम डिझेल पातळ होऊन पंपाच्या दट्ट्यांच्या फटीतून जास्त निसटते, ती तूट निराळी. पंप जुना आणि झिजलेला असेल तर ही निसटती तूट तीन टक्क्यांवर थांबत नाही.

डिझेल इतके तापते कशाने? इंजिन जेवढे डिझेल मागवते तेवढे सगळे जाळत नाही. उरलेले डिझेल पंपाला आणि नोझलला थंड करत परतीच्या नळीने टाकीत येते. काही इंजिनांत, विशेषतः युनिट इंजेक्टरच्या, जळणाऱ्या डिझेलपेक्षा परतणारे डिझेल जास्त असते. सकाळी टाकी भरलेली असते तेव्हा हे गरम डिझेल शेकडो लिटरच्या साठ्यात मुरून जाते. दुपारी टाकी तळाला आली की तेवढाच उष्मा थोड्या डिझेलमध्ये फिरत राहतो. त्यात टाकी इंजिनाला खेटून बसवलेली असली तर विचारायलाच नको. “सकाळी ओढते, दुपारी ओढत नाही” या वाक्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. दुपारी टाकीच्या पत्र्याला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर नोझल काढण्याआधी परतीच्या नळीवर समुद्राच्या पाण्याने थंड होणारा छोटा फ्युएल कूलर बसवावा, आणि तो येईपर्यंत उन्हाळ्यात टाकी निम्म्याखाली उतरू देऊ नये.

डिझेल कमी येण्याची दुसरी कारणे नेहमीची आहेत, पण उन्हाळ्यात ती जोर धरतात. उबदार, दमट हवेत टाकीच्या तळाशी पाणी साचते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत थर फिल्टरमध्ये जाऊन बसतो. फिल्टर उघडल्यावर कागदावर शेवाळासारखा लेप दिसला तर फक्त फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी तळापासून धुवावी लागेल. टाकीचा श्वासमार्ग रंगाने किंवा मिठाने बुजला असेल तरी डिझेल कमी येते. टाकीचे झाकण सैल केल्याबरोबर फेऱ्या वाढल्या तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण उन्हाळ्यातली सर्वात महागडी मोडतोड इथून सुरू होते. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ साली आउग्सबुर्ग येथे अधिकृत चाचणी झाली, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे काम झाले आणि तेवढ्यावर अभियंत्यांचे जग थक्क झाले. आजच्या मध्यम बोटीच्या इंजिनात हा वाटा ३५ ते ४० टक्के आहे आणि महाकाय जहाजांच्या संथ इंजिनांत तो ५० टक्क्यांच्या वर गेला आहे. उरलेली उष्णता धुरातून आणि पाण्यातून जाते. १५० अश्वशक्तीच्या इंजिनात पूर्ण भारावर सुमारे ७० किलोवॅट उष्णता नुसत्या पाण्याला वाहून न्यावी लागते. घरातले दोन किलोवॅटचे पस्तीस गीझर एकाच वेळी चालू ठेवावेत, तेवढा हा उष्मा. तो एका लहान हीट एक्स्चेंजरमधून, बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक नळ्यांतून समुद्रात जातो.

समुद्र गरम झाला की हे काम अवघड होते, पण किती? आत फिरणारे कूलंट ८५ अंशांचे असेल आणि जानेवारीत समुद्र २६ अंशांचा, तर दोन्हींत ५९ अंशांचा उतार मिळतो. मेमध्ये अरबी समुद्र ३१ अंशांवर आला की हा उतार ५४ अंशांचा होतो. म्हणजे हीट एक्स्चेंजरची ताकद आठ-नऊ टक्क्यांनी घटली. स्वच्छ एक्स्चेंजरमध्ये एवढी घट सोसण्याइतकी जागा ठेवलेली असते. निम्म्या नळ्या क्षाराने भरलेल्या एक्स्चेंजरमध्ये ती नसते. जानेवारीत तो कसाबसा पुरा पडत होता. समुद्र पाच अंशांनी तापल्याबरोबर त्याची लाज उघडी पडली.

खोट पाण्याच्या प्रवाहात आहे की नळ्यांतल्या क्षारात, हे न उघडता ओळखता येते. लेझरच्या ठिपक्याने तापमान सांगणारा हातातला थर्मामीटर आता स्वस्तात मिळतो. पूर्ण भारावर इंजिन स्थिरावले की एक्स्चेंजरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या जोडांवर तो धरावा. चकचकीत पितळेवर तो चुकीचे वाचतो, म्हणून जोडाला आधी काळ्या रंगाचा हात द्यावा. मिनिटाला १०० लिटर पाणी खेळत असेल तर ७० किलोवॅट उष्णता घेऊन ते साधारण १० अंशांनी तापते. फरक २० अंश निघाला, तर पाणी निम्मेच येते आहे: सी-कॉकच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी, गाळणीत गाळ किंवा जेलीफिशचा चिखल, नाहीतर पंपाचा इम्पेलर. फरक फक्त सहा-सात अंश आणि तरीही आतले कूलंट उकळायला आलेले, तर पाणी भरपूर येते आहे पण उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नळ्यांत क्षार आहे किंवा थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही. हा थर्मामीटर प्रत्येक बोटीवर असावा, असे मला मनापासून वाटते. आणि गरम इंजिनाच्या कूलंटचे झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. दाबाखालचे पाणी तोंडावर उडून माणसे कायमची भाजली आहेत.

इम्पेलर ही रबराची पाकळ्यांची चकती. पाणी नसताना तो थोडा वेळ जरी फिरला तरी पाकळ्यांची टोके जळतात आणि पुढे त्या तुटतात. पंपाचे झाकण काढून चकती हातात घ्यावी, प्रत्येक पाकळी मुळाशी वाकवून पाहावी. मुळाशी केसाएवढी चीर दिसली तरी तो गेला समजावे. पाकळ्या तुटलेल्या निघाल्या तर नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटके तुकडे पाण्याबरोबर पुढे जाऊन एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. जेवढ्या पाकळ्या तुटल्या तेवढे तुकडे हातात येईपर्यंत पुढचा मार्ग उघडून शोधावा लागतो. झिंकच्या झिजत्या कांड्यांचेही तसेच. झिजून तुटलेली कांडी त्याच नळ्यांत जाऊन पडते.

टर्बोच्या इंजिनात समुद्राच्या पाण्याचे आणखी एक काम असते. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती शंभर अंशांच्या वर तापते, आणि तशीच आत गेली तर दाबण्याचा अर्धा फायदा फुकट जातो. म्हणून मध्ये आफ्टरकूलर असतो. त्याच्या पाण्याच्या बाजूला क्षार आणि हवेच्या बाजूला तेलाचा चिकट लेप बसला, की इंजिनाचे तापमान काट्यावर अगदी ठीक दिसते आणि शक्ती मात्र जाते. काटा शांत आहे म्हणून या भागाकडे कुणी पाहत नाही.

आत जाणारी हवा थंड करण्याच्या याच कामात एका श्रीमंत नौदलाचे हात पोळले. ब्रिटिश नौदलाने टाइप ४५ वर्गाच्या सहा विनाशिका बांधल्या: डेअरिंग, डॉन्टलेस, डायमंड, ड्रॅगन, डिफेंडर आणि डंकन. प्रत्येकीची किंमत सुमारे एक अब्ज पौंड. पहिली डेअरिंग २००९ साली नौदलात दाखल झाली. या नौकांत सगळे काही विजेवर चालते. पंखे विजेच्या मोटरींवर फिरतात आणि वीज दोन डब्ल्यूआर-२१ गॅस टर्बाइन व दोन लहान डिझेल जनित्रे मिळून तयार करतात. प्रत्येक टर्बाइन २१ मेगावॅटच्या वर वीज देते, प्रत्येक डिझेल जनित्र फक्त दोन. टर्बाइनमध्ये इंधन वाचवणारी एक सुंदर कल्पना वापरली होती. हवा दोन टप्प्यांत दाबायची, मध्ये इंटरकूलरने ती थंड करायची, आणि बाहेर पडणाऱ्या धुरातली उष्णता परत घेऊन दाबलेल्या हवेला द्यायची. उत्तर अटलांटिकच्या पाण्यात ही योजना शोभून दिसे.

आखाताच्या पाण्यात उन्हाळ्यात तापमान ३२ अंशांच्या बरेच वर जाते. तिथे ही व्यवस्था पुरी पडेना. शक्ती हळूहळू उतरली असती तर निभावले असते. ती एकदम कोसळत होती. टर्बाइन बंद पडली की सगळा भार दोन लहान डिझेल जनित्रांवर येई, त्यांना तो पेलत नसे आणि तीही बंद पडत. मग पंखे, दिवे, रडार, सगळे अंधारात. २०१६ साली ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीपुढे हे प्रकरण आले, तेव्हा नौका ठरवून दिलेल्यापेक्षा खडतर परिस्थितीत वापरल्या गेल्या, अशी बाजू उत्पादकांकडून मांडली गेली. मला त्या युक्तिवादापेक्षा उपाय अधिक बोलका वाटतो. २०१८ साली सुमारे १६ कोटी पौंडांचे कंत्राट दिले गेले. टर्बाइन तशाच ठेवून दोन लहान डिझेल जनित्रे काढायची आणि त्यांच्या जागी तीन मोठी, प्रत्येकी तीन मेगावॅटची बसवायची. जनित्रे आत न्यायला नौकेची बाजू कापावी लागली. डॉन्टलेस ही अशी बदललेली पहिली नौका. बर्कनहेड येथील काम संपवून ती २०२२ साली पुन्हा समुद्रावर आली. उष्म्याने एक कडी ढिली पडली तर पुढची कडी तो भार पेलू शकते का, हा प्रश्न कोकणातल्या बोटीलाही तसाच लागू आहे.

अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत हा प्रश्न उत्पादकांनी वेगळ्या प्रकारे सोडवला आहे. कूलंट, आत जाणारी हवा किंवा डिझेल यांपैकी काहीही ठरावीक मर्यादेपलीकडे तापले, की संगणक स्वतः होऊन डिझेल कमी करतो. मालकाला वाटते इंजिन बिघडले. वास्तविक ते स्वतःला वाचवत असते. अशा वेळी सेन्सर तोडून किंवा ‘बायपास’ करून शक्ती परत मिळवणारे कारागीर भेटतात. त्यांना बोटीला हात लावू देऊ नये. संगणकाने नोंदवलेला कोड वाचून कोणता सेन्सर ओरडतो आहे, ते आधी पाहावे.

पर्यटकांना फिरवणाऱ्या लहान बोटींवर मागच्या बाजूला पेट्रोलचे आउटबोर्ड इंजिन असते, आणि त्याचा उन्हाळी आजार निराळा. वीस मिनिटे धावून बोट थांबवली, मंडळींनी डॉल्फिन पाहिले, पुन्हा इंजिन सुरू केले, आणि ते थोडे चालून मरते. थांबलेल्या इंजिनाचे पाणी थांबते, उष्मा मात्र झाकणाखाली कोंडून राहतो, पेट्रोल नळीतच उकळते आणि पंपाला द्रवाऐवजी वाफ मिळते. नळीतला रबरी गोळा चार-सहा वेळा दाबल्यावर इंजिन सावरले तर वाफेचाच हा प्रकार. गोळा चपटा होऊन तसाच राहत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे. टाकी उन्हात न ठेवता तिच्यावर ओले गोणपाट टाकणे आणि थांबल्यावर इंजिन दोन मिनिटे रिकाम्या रेसवर चालू ठेवून मग बंद करणे, एवढ्याने बहुतेक त्रास टळतो.

एक संशयित असा आहे की ज्याचा इंजिनाशी संबंधच नाही. उबदार पाण्यात बोटीच्या बुडाशी बार्नेकल आणि शेवाळ झपाट्याने वाढते. बूड खरबरीत झाले की पंख्यावरचा भार वाढतो, फेऱ्या उतरतात, धूर काळा होतो, इंजिन तापते. लक्षणे हुबेहूब हवा कमी पडल्याची. फरक ओळखायचा तो जीपीएसवर. १५०० फेऱ्यांना बोट पूर्वी आठ नॉट जात होती आणि आता सातच जाते, तर बूड किंवा पंखा पाहावा. १५०० ला आठ नॉट कायम आहेत पण १६५० च्या वर काटा चढत नाही, तर इंजिनाकडे वळावे. पंख्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जाळे जोरात ओढावे म्हणून गरजेपेक्षा जास्त पिचचा पंखा बसवण्याची हौस पुष्कळांना असते. हिवाळ्यात जेमतेम १८०० फेऱ्या देणारे इंजिन उन्हाळ्यात त्या पंख्याखाली दबते, काळा धूर ओकत राहते, आणि दोन-तीन हंगामांत त्याच्या पिस्टनची किंमत मोजावी लागते. भरल्या बोटीवर पूर्ण रेसला पट्टीवरच्या आकड्याहून थोड्या जास्त फेऱ्या मिळाव्यात, इतका हलका पंखा असावा.

एप्रिल आणि मेचे दिवस म्हणजे पावसाळी मासेमारी बंदीपूर्वीच्या कमाईचे शेवटचे दिवस. बोट वर ओढायला कुणीही तयार नसतो आणि ते समजण्यासारखे आहे. तेवढ्या दिवसांसाठी सर्वात स्वस्त उपाय रेस थोडी उतरवण्याचा. फेऱ्या १८०० वरून १६२० वर आणल्या, म्हणजे दहा टक्क्यांनी कमी केल्या, तर घनाच्या नियमाने पंख्याला लागणारी शक्ती २७ टक्क्यांनी उतरते आणि उष्माही जवळजवळ त्याच प्रमाणात. बोटीचा वेग मात्र दहा टक्क्यांच्या आसपासच घटतो. दुपारी परतताना बर्फ वितळेल या भीतीने पूर्ण रेस देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

१ जूनला बंदी लागते आणि ३१ जुलैपर्यंत बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. या ६१ दिवसांत एक्स्चेंजर आणि आफ्टरकूलर दोन्ही उघडून क्षार काढून घ्यावा, टाकीचा तळ धुवावा, इंजिनघराच्या हवेच्या वाटा मोकळ्या कराव्यात. मग ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली, बूड स्वच्छ असले आणि सगळे ठीक चालले, की पूर्ण रेसवरच्या फेऱ्या, त्या वेळचा जीपीएसवरचा वेग, कूलंटचे तापमान, समुद्राच्या पाण्याचा आत-बाहेरचा फरक आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी असलेली उष्णता हे पाच आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या एप्रिलमध्ये काटा १६५० वर अडला, तर त्यातले किती हवामानाचे आणि किती खोटीचे, हे या पाच आकड्यांशी ताडून पाहता येते. मिस्त्रीला बोलावले तर त्याच्या हातात पान्याआधी ही वही द्यावी.